मॉरिशस : वाटणीवर तरलेले बेट

1961 साली जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालील समितीचा मॉरिशसविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. मीड यांना पुढे 1977 साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांचे मत सहज झटकून टाकण्यासारखे नव्हते. बेटावर पीक एकच, ऊस. निर्यातीची जवळजवळ सगळी कमाई साखरेची. लोकसंख्या वर्षाला सुमारे तीन टक्क्यांनी वाढत होती, लागवडीला नवी जमीन उरली नव्हती आणि समाज वंश, धर्म, भाषा यांत विभागलेला होता. असा देश शांततेने पुढे जाईल याची मीड यांना फारशी आशा नव्हती. पुढची काही वर्षे त्यांचे म्हणणे खरे ठरवणारीच होती. 12 मार्च 1968 रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले तेव्हा पोर्ट लुईतल्या दंगली नुकत्याच शमल्या होत्या आणि बंदोबस्तासाठी ब्रिटिश सैन्य उतरवावे लागले होते. तरीही काही शे डॉलरचे दरडोई उत्पन्न अर्ध्या शतकात अकरा हजार डॉलरच्या पुढे गेले. जुलै 2020 मध्ये जागतिक बँकेने या देशाला उच्च उत्पन्न गटात घातले. करोनाच्या फटक्याने वर्षभरातच ते खालच्या गटात आले, पण मीड यांचे भाकीत तोवर केव्हाच मोडीत निघाले होते. हे कशाने घडले, यावर अर्थशास्त्रात बरेच लिहिले गेले आहे. पुढे भारत सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार झालेले अरविंद सुब्रमणियन यांनीही 2001 साली एका सहलेखकासह नाणेनिधीसाठी याच कोड्यावर निबंध लिहिला. कुणी व्यापारी सवलतींकडे बोट दाखवते, कुणी खुल्या धोरणाकडे, कुणी नुसत्या नशिबाकडे. या सगळ्यांत तथ्य आहे. पण माझ्या मते खरे कारण त्यांच्या मुळाशी आहे. बाहेरून आलेला पैसा आणि आतली सत्ता वाटून घेण्याची रीत या बेटाला वेळेवर सापडली. जिथे ती सापडली नाही, तिथे मॉरिशस आजही अडलेले आहे.

आधी भूगोल पाहू, कारण लहान बेटांचे नशीब भूगोलच ठरवतो असे गृहीत धरले जाते. मादागास्करच्या पूर्वेला आठ-नऊशे किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या दक्षिणेला विसाव्या अक्षांशाजवळ हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ 1,865 चौरस किलोमीटर. महाराष्ट्रातला मुंबईबाहेरचा कोणताही जिल्हा याहून मोठा आहे. सर्वांत उंच शिखर 828 मीटरचे. मधल्या पठारावर क्युरपीपच्या बाजूला धो धो पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या चौथाई भागावर भागवावे लागते. मुख्य बेटापासून 560 किलोमीटरवर रॉड्रिग्ज, उत्तरेला हजारेक किलोमीटरवर अगालेगा, शिवाय सेंट ब्रँडनची प्रवाळी बेटे आणि ज्याच्यावरून अजून वाद मिटलेला नाही तो चागोस समूह. अशी विखुरलेली मांडणी असल्यामुळे दोन हजार चौरस किलोमीटर जमिनीच्या या देशाचा सागरी हक्काचा दावा सुमारे 23 लाख चौरस किलोमीटरचा आहे. खनिज नाही, तेल नाही, बाजारपेठा लांब आणि वादळे ठरलेली. फेब्रुवारी 1960 मधल्या ‘कॅरोल’ वादळात वाऱ्याचे झोत ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर गेले, निम्म्याहून अधिक ऊस आडवा झाला आणि हजारो लोक उघड्यावर आले. पण भूगोलाने ठरवलेले तेवढेच होते. त्या वादळानंतर गवती आणि पत्र्याच्या घरांच्या जागी सिमेंट-काँक्रीटची घरे बांधण्याची मोहीम सरकारने हाती घेतली. नंतरच्या वादळांत तेच वारे तेवढे घात करू शकले नाहीत. वादळ निसर्गाचे असते. कुणाचे छप्पर उडणार हे मात्र घर कोणी आणि कशाने बांधले यावर ठरते.

या बेटाला मूळ रहिवासी नाहीत. इथला प्रत्येक माणूस, आणि ऊससुद्धा, समुद्रातून आला. डच खलाशी 1598 साली उतरले. राजपुत्र मॉरिट्सचे नाव त्यांनी बेटाला दिले आणि 1638 पासून वसाहत केली. जावाहून ऊस आणि हरणे त्यांनीच आणली. त्यांनी एबनीची जंगले तोडली, आणि त्यांच्या काळातच डोडो पक्षी संपला. 1710 मध्ये ते निघून गेले. फ्रेंचांनी 1715 मध्ये ताबा घेतला. माहे द ला बूर्दोने या गव्हर्नराने 1735 पासून पोर्ट लुई उभे केले, ते मादागास्कर आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण फ्रेंच मळेवाल्यांच्या जमिनी, कायदे आणि भाषा यांना हात लावला नाही. त्या तडजोडीची छाया आजच्या सातबाऱ्यापर्यंत पोचते. 1825 मध्ये इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या बरोबरीला आणली आणि सारे बेट उसाखाली गेले. 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी संपली तेव्हा भरपाईचे सुमारे वीस लाख पौंड मिळाले, तेही मालकांना. मुक्त झालेल्या साठ-पासष्ट हजार माणसांच्या हाती जमीनही आली नाही आणि पैसाही आला नाही. मॉरिशसच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी आणि सर्वांत अन्यायकारक वाटणी. तिचा हिशेब पुढे पुन्हा पुन्हा वर येतो.

गुलामांच्या जागी करारबद्ध मजूर आले. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अॅटलस’ जहाजातून कोलकात्याहून 36 जण उतरले, आणि पुढच्या सुमारे ऐंशी वर्षांत साडेचार लाखांहून अधिक भारतीय पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढले. बहुसंख्य भोजपुरी पट्ट्यातले, नंतर तामिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले मराठी, बरेचसे रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे. आज लोकसंख्येत मराठी वंशाचे लोक सुमारे दोन टक्के आहेत. शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीची सुट्टी साऱ्या देशाला असते. दोन टक्क्यांच्या समाजाच्या सणाला राष्ट्रीय सुट्टी मिळते, हे वाटणीच्या त्या रीतीचेच एक लहान रूप. मजुरांची सुरुवातीची स्थिती गुलामीच्या जवळचीच होती. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. पण 1880 नंतर वेगळेच काही घडले. युरोपात बीटची साखर आली, भाव पडले, मॉरिशसची साखर ‘मोरस’ म्हणून मुंबईत खपवावी लागली, आणि पैशाच्या ओढीने मळेवाल्यांनी कडेच्या, हलक्या जमिनी तुकड्यातुकड्यांनी विकायला काढल्या. मजुरांनी पैपै साठवून त्या घेतल्या. उत्तम जमीन आणि गिरण्या गोऱ्यांकडेच राहिल्या. तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उसाखालच्या जमिनीचा मोठा हिस्सा भारतीयांच्या मालकीचा किंवा कसणुकीचा झाला होता. पुढच्या साऱ्या राजकारणाचे बीज मला या खरेदीखतांत दिसते.

जमीन हाती आली म्हणजे भाव हाती आला असे नव्हे. 1937 सालचा उबा उसाचा झगडा हे चांगले दाखवतो. उबा ही उसाची राकट जात. साखर कमी, पण पाऊस कमी असो, वादळ येवो की खत नसो, तग धरणारी, म्हणून हलक्या जमिनीच्या लहान शेतकऱ्याच्या सोयीची. तिच्यातून साखर कमी निघते असे सांगत गिरण्यांनी तिचा भाव 15 टक्क्यांनी पाडला. तोडलेला ऊस काही तासांत गाळपाला गेला नाही तर सुकतो आणि जवळची गिरणी एकच असते. भाव नाकारायची शेतकऱ्याला सोयच नव्हती. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला ही अडवणूक समजावून सांगायला नको. शेतकरी आणि मजूर एकत्र उठले, फ्लाकजवळच्या मळ्यावर गोळीबार झाला, माणसे मेली. 1943 मध्ये बेल व्यू आरेल इथे पुन्हा गोळ्या चालल्या. मेलेल्यांत अंजली कुपेन ही गरोदर मजूर स्त्री होती. या दोन्ही झगड्यांमुळे सरकारला चौकशी समित्या नेमाव्या लागल्या, कामगार संघटनांना मान्यता द्यावी लागली, आणि 1947 मध्ये नवी राज्यघटना आली. तिने मालमत्तेची अट काढून साक्षरतेची घातली. कोणत्याही प्रचलित भाषेत साधे लिहिता-वाचता आले आणि सही करता आली की मत. समाजसुधारक बासदेव विष्णुदयाल आणि त्यांचे कार्यकर्ते गावोगावच्या बैठकांत, म्हणजे संध्याकाळच्या वर्गांत, मजुरांकडून नाव गिरवून घेऊ लागले. मतदार सुमारे बारा हजारांवरून सत्तर हजारांच्या वर गेले. 1959 मध्ये सर्वांना मताधिकार मिळाला. म्हणजे मीड बेटावर आले तेव्हा सत्तेची वाटणी आधीच सुरू झालेली होती. अर्थव्यवस्थेच्या आकड्यांत ती दिसत नव्हती, एवढेच.

मीड यांना न्याय द्यायचा तर हेही सांगायला हवे की त्यांनी भाकिताबरोबर उपायही सुचवले होते. कुटुंबनियोजन करा, मजूर लागतील असे कारखाने काढा. मलेरियाच्या उच्चाटनानंतर मृत्यूदर कोसळला होता. 1944 मध्ये लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या आत होती, ती 1962 मध्ये पावणेसात लाखांच्या पुढे गेली. कॅथलिक चर्चचा विरोध असलेल्या देशात कुटुंबनियोजन चालवायचे कसे? सरकारने दोन संस्थांना अनुदान दिले. एक गोळ्या आणि साधने देणारी, दुसरी चर्चला मान्य असलेली नैसर्गिक पद्धत शिकवणारी. 1960 च्या सुमारास एका स्त्रीमागे सहाच्या आसपास मुले होती, ती दशकभरात साडेतीनच्या खाली आली, आणि सक्ती झाली नाही. पैशाच्या बाबतीतही हीच रीत. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांच्या सरकारने गोऱ्यांचे मळे ताब्यात घेतले नाहीत. मोठ्या मळ्यांच्या साखर-निर्यातीवर मात्र चढता कर बसवला आणि लहान शेतकऱ्यांना त्यातून वाचवले. 1975 च्या साखर करारान्वये युरोपने मॉरिशसची दरवर्षी पाच लाख टनांहून अधिक साखर चढ्या भावाने घ्यायचे कबूल केले. त्या पैशातून सर्वांना वृद्धापकाळचे वेतन, मोफत दवाखाने आणि 1977 पासून मोफत माध्यमिक शिक्षण चालले. मळेवाल्यांकडे उरलेला नफाही देशाबाहेर न जाता 1970 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या निर्यात क्षेत्रातल्या कापड गिरण्यांत आणि पुढे हॉटेलांत गेला. मळे कायम राहतील ही खात्री मालकांना होती आणि कर मिळेल ही सरकारला. क्रांतीची भाषा करणारा पक्ष 1982 मध्ये मित्रपक्षासह मुख्य बेटावरच्या सगळ्या साठ जागा जिंकून आला, तरी त्यानेही ही घडी मोडली नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की हे सारे युरोपच्या मेहेरबानीवर चालले. साखरेला चढा भाव आणि कापडाला राखीव कोटा मिळाला नसता तर वाटायला होते काय? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तोच साखर करार फिजी, गयाना आणि जमैकालाही लागू होता. फिजीची तुलना सर्वांत बोलकी आहे. तिथेही करारबद्ध भारतीय, तिथेही ऊस, तिथेही ब्रिटिश वारसा. पण फिजीत बहुतेक जमीन मूळ रहिवाशांच्या कुळांच्या सामाईक मालकीची, आणि भारतीय शेतकरी भाडेपट्ट्यावर. मूळ रहिवाशांच्या हक्कांचे रक्षण हे तिथले न्याय्य कारणच होते. पण जमीन एका समाजाची आणि घाम दुसऱ्याचा, अशी फाळणी राहिली. 1987 आणि 2000 मध्ये लष्करी व सशस्त्र बंडांनी निवडून आलेली सरकारे उलथली, भाडेपट्टे 1997 पासून संपत गेले, आणि हजारो भारतीय वंशाचे लोक देश सोडून गेले. सवलतीचा करार दोघांनाही लागू होता. शिवाय कापडाचा कोटा 2005 मध्ये आणि साखर करार 2009 मध्ये संपला, तरी मॉरिशस कोसळले नाही. एकोणिसाव्या शतकात अडीचशेच्या वर असलेल्या साखर गिरण्या आज तीनवर आल्या आहेत. उसाच्या चिपाडापासून वीज, खास प्रतीची साखर, पर्यटन आणि वित्तसेवा यांवर देश चालतो. मेहेरबानीचे दिवस संपण्याआधी दुसरी सोय केली गेली, आणि ती करताना कामगार कपातीची भरपाई रोख आणि जमिनीच्या तुकड्याच्या रूपात देण्यात आली. वाटणीची सवय मोडली नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि तो मी खोडून काढू शकत नाही, कारण तो बऱ्याच अंशी खरा आहे. या वाटणीत काहींच्या पानात कधीच काही पडले नाही. निर्यात क्षेत्रातले कामगार मुख्यतः तरुण मुली होत्या. त्यांचे किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी ठरवले होते आणि कायद्यानेच आठवड्याला दहा तासांपर्यंत जादा काम बंधनकारक होते. 1980 च्या दशकात बेकारी वीस टक्क्यांवरून जवळजवळ शून्यावर आली, तो ‘चमत्कार’ या मुलींच्या बोटांवर उभा होता. आणि गुलामांचे वंशज असलेले क्रिओल? त्यांच्याकडे तुकडा-जमीन आली नाही, नोकरशाहीत त्यांचा वाटा थोडा राहिला, आणि ज्या गोदीतल्या हमालीवर अनेकांची घरे चालत ते काम 1980 नंतर साखर थेट जहाजात भरणाऱ्या यंत्राने खाल्ले. फेब्रुवारी 1999 मध्ये काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट काही दिवस पेटले. ज्या देशाला जग आदर्श म्हणत होते तिथली ही आग बाहेरच्यांना अनपेक्षित वाटली. 1835 च्या भरपाईची यादी ज्याने पाहिली त्याला ती वाटू नये.

इथे आकड्यांचा प्रश्न येतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मॉरिशसचे सांख्यिकी खाते कार्यक्षम आहे. जन्म, मृत्यू, पर्यटक, ऊस, विजेचे युनिट, सगळे वेळच्या वेळी प्रसिद्ध होते. पण कोणत्या समाजाची स्थिती कशी, हे विचारायची सोय नाही. 1972 नंतरच्या खानेसुमारीत समाजाचा रकाना काढून टाकला. धर्म आणि भाषा विचारतात, पण ‘हिंदू, मुस्लिम, चिनी आणि सर्वसाधारण लोकसंख्या’ ही राज्यघटनेतली विभागणी मोजत नाहीत. हेतू चांगला होता, माणसाने स्वतःला आधी मॉरिशियन म्हणावे. मात्र निवडणुकीत अल्पसंख्याकांना राखलेल्या आठ ‘बेस्ट लूझर’ जागा याच विभागणीवर दिल्या जातात, आणि त्यासाठी आधार घेतला जातो तो 1972 च्याच आकड्यांचा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने 2012 मध्ये यातली विसंगती दाखवून दिली. उमेदवाराला समाज सांगायला लावायचा तर लोकसंख्येचे ताजे आकडे हवेत, असा तिचा रोख होता. समाजनिहाय मोजले तर भेद पक्के होतील, ही भीती मी हलकी मानत नाही. जातगणनेवरच्या वादातून आपल्यालाही ती ओळखीची आहे. पण जागा समाज पाहून वाटायच्या आणि गरिबी मात्र समाज न पाहता मोजायची, हे दोन्ही एकदम धरता येत नाही. दरडोई उत्पन्नाच्या सरासरीत पोर्ट लुईच्या कडेची रोश-ब्वा वस्ती आणि किनाऱ्यावरचे परदेशी मालकांचे बंगले एकाच ओळीत येतात.

जमिनीपलीकडचे भाडेही या देशाने कमावले आहे. भारताबरोबरच्या 1982 च्या करारामुळे मॉरिशसमार्गे आलेल्या भांडवलाला शेअर विक्रीच्या नफ्यावर भारतात कर लागत नसे. त्यामुळे 2000 नंतरची पंधरा-सोळा वर्षे भारतातल्या थेट परकीय गुंतवणुकीचा सुमारे एक-तृतीयांश भाग बारा-तेरा लाख वस्तीच्या या बेटावरून आल्याचे कागदोपत्री दिसे. 2016 मध्ये करार बदलला आणि तो ओघ आटू लागला. मॉरिशसच्या उत्पन्नाचा हा भाग मला कौतुकाचा वाटत नाही. तो पैसा दुसऱ्या गरीब देशाच्या तिजोरीतून सुटलेला होता. दुसरे भाडे जागेचे. अगालेगावर भारताने बांधलेली तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. तिथे वस्ती जेमतेम तीनशेची. आणि चागोस. 1965 मध्ये ब्रिटनने तीस लाख पौंड देऊन हा समूह मॉरिशसपासून तोडला, अमेरिकेला दिएगो गार्सियाचा तळ दिला आणि 1973 पर्यंत तिथली दीड-दोन हजार माणसे हलवली. त्यांतले बहुतेक पोर्ट लुईच्या झोपड्यांत येऊन पडले. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे तोडणे बेकायदा असल्याचे मत दिले. 22 मे 2025 रोजी सार्वभौमत्व मॉरिशसकडे देणाऱ्या आणि दिएगो गार्सिया 99 वर्षांच्या भाड्याने ब्रिटनकडे ठेवणाऱ्या करारावर सह्या झाल्या. साखरेचा पैसा आला तेव्हा तो कसा वाटायचा हा जो प्रश्न विचारला गेला तोच इथे विचारायला हवा, आणि इथे तो चागोशियनांना विचारून सोडवायला हवा. आजवरच्या वाटाघाटींत त्यांना आपले म्हणणे मांडायला दोन्ही सरकारांच्या टेबलावर खुर्ची मिळाली नाही.

रीत अजून जिवंत आहे, याचा पुरावा जुलै 2020 मध्ये दिसला. वाकाशिओ हे जहाज प्रवाळाच्या कडेवर चढले आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल खाजणात सुटले. सरकार हलण्याआधी हजारो लोक, सर्व समाजांचे, किनाऱ्यावर आले. त्यांनी कापडी नळ्यांत उसाचे वाळलेले पाचट ठासून भरले, रिकाम्या बाटल्या बांधून त्या तरंगत्या केल्या आणि तेलाला आडव्या लावल्या. पण यापुढची वाटणी नुसती समाजासमाजांत नाही, वयावयांतही आहे. एका स्त्रीमागे मुले आता दीडच्याही खाली आहेत आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास थबकली आहे. जून 2025 च्या अंदाजपत्रकात मूळ वृद्धापकाळ वेतनाचे वय साठावरून टप्प्याटप्प्याने पासष्टवर न्यायचे ठरले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. शरीरकष्टांत हाडे झिजलेल्या ऊसतोड्याला आणि वातानुकूलित कचेरीतल्या अधिकाऱ्याला पासष्टची एकच रेषा लावणे अन्यायाचे आहे. ती कुणाला किती जाचते हे ठरवायचे तर 1972 नंतर काढून टाकलेला समाजाचा रकाना आधी परत भरावा लागेल.